घरी फोटो छापायला इंक टँक प्रिंटर घेतला तर शाई परवडते का? महिन्याला २०-२५ फोटो लागतात.

शाई परवडते, प्रिंटर परवडत नाही. सगळे फक्त बाटलीची किंमत बघतात.

४×६ च्या एका फोटोला साधारण पाव मिली शाई लागते. चार रंगांच्या टँक प्रिंटरची (यात शाई बाटलीतून टाकीत ओततात) ६५ मिलीची बाटली चारशेच्या आसपास मिळते, म्हणजे फोटोमागे दीड-दोन रुपये. शाईपेक्षा कागद महाग: २३० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, बरा ग्लॉसी (चकचकीत) कागद चार-पाच रुपयांना एक. झाले सहा-सात रुपये. लॅबवाला तोच फोटो बारा-पंधराला देतो. २५ फोटोंमागे वाचले जेमतेम दोनशे. प्रिंटर तेरा हजारांचा, म्हणजे फिटायला पाच वर्षं तरी जाणार. छोट्या कार्ट्रिजचा प्रिंटर तर फोटोंसाठी घेऊच नका. त्यात बहुधा तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, एक रंग संपला की उरलेल्या दोन रंगांसकट कार्ट्रिज फेकावी लागते.

आता माझे मेहुणे म्हणतात तसं ‘टँक आहे, शाई फुकटच’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कागदावर जाते ती शाई स्वस्तच असते. पैसे जातात ते वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया जाणारी शाई शोषून घेणाऱ्या आतल्या गादीत. प्रिंटर तीन-चार आठवडे पडून राहिला की हेडच्या (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रांत शाई सुकते. मॅजेंटा (गुलाबी) अडला की चेहरे हिरवट येतात, सायन (आकाशी) अडला की लालसर. लोक हे बघून लगेच हेड क्लीनिंग लावतात, एकामागून एक सहा-सात वेळा. प्रत्येक वेळी चारही रंग ओढले जातात आणि थेट पॅडमध्ये जातात. पॅड भरला की प्रिंटर छापायचंच बंद करतो.

आधी साध्या कागदावर नोझल चेक काढा, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारी रेषांची चाचणी. पिवळ्या रेषा पांढऱ्यावर दिसत नाहीत, तो कागद निळ्या उजेडात धरा, तुटलेली रेघ लगेच कळते. तुटलेली असेल तरच क्लीनिंग करा, तेही फार तर तीनदा, दर वेळी मध्ये नोझल चेक काढून. तरी सुटलं नाही तर प्रिंटर बंद करून बारा तास थांबा. बऱ्याचदा तेवढ्यात शाई मऊ होऊन वाट मोकळी होते. एप्सनमधलं पॉवर क्लीनिंग (नळ्यांतली सगळी शाई बदलणारं जोरदार क्लीनिंग) हा शेवटचा उपाय, आणि टाक्या एक तृतीयांशाच्या वर भरलेल्या असतील तरच. नाहीतर नळीत हवा शिरते.

आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका! प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कॅपवर जाऊन बसतं आणि झाकलं जातं. मध्येच वीज तोडली तर ते उघडंच राहतं. मेहुण्यांच्या आणि माझ्या वादाचं मूळ इथेच आहे. ते रोज रात्री बोर्डावरचं बटण दाबतात आणि वर कंपनीला शिव्या देतात. आठवड्याला एक रंगीत फोटो छापला तर क्लीनिंगची वेळच सहसा येत नाही.

तुमचे २५ फोटो महिनाभर थोडे थोडे निघत असतील तर पाच वर्षांची तयारी ठेवून टँक घ्या. वर्षातून दोनदा सहलीनंतर एकदम निघत असतील तर लॅबच बरी, किंवा कॅननचा सेल्फी (Selphy) हा छोटा फोटो प्रिंटर. त्यात शाई नसते, रंगाची रिबन असते, ती पडून राहिली तरी हेड सुकण्याची भानगड नाही. फोटो मात्र वीस-पंचवीसच्या घरात पडतो.

पासपोर्ट साइझचे फोटो वारंवार लागत असतील तर गणित पार बदलतं. ४×६ च्या एका कागदावर ३५×४५ मिमीचे आठ बसतात, खर्च तोच सहा-सात रुपये, आणि स्टुडिओत आठ फोटोंचे पन्नासच्या वर देऊन येता.

छापताना ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंट सेटिंगमध्ये) कागदाचा प्रकार ग्लॉसी निवडा. ‘प्लेन पेपर’ राहिला तर पट्टे येतात आणि लोक दोष शाईला देतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात उरलेला कागद त्याच्या पाकिटात घट्ट बंद करून आडवा ठेवा, आणि छापलेला फोटो चोवीस तास वाळल्याशिवाय काचेच्या फ्रेममध्ये घालू नका.