जुन्या अमेरिकेत वकील माणूस मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, अधिकारी झाला, तर त्याची वाद घालायची सवय आड येत नाही का?

येते ना. एकदा ती आड आली म्हणून काही माणसांचे जीव वाचले.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, सैन्याशी माझा काडीचा संबंध नाही. पण भाच्याकडे कॅन्सस सिटीला गेलो होतो, तेव्हा जवळच्या लिबर्टी गावातला जुना तुरुंग पाहिला आणि तिथे अलेक्झांडर डोनिफन हे नाव डोक्यात बसलं.

डोनिफनचा जन्म १८०८ सालचा, केंटकीतला. १८३० साली तो मिसूरीत आला आणि पुढे लिबर्टीत त्याने वकिलीचं बस्तान बसवलं. मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांची नावं त्यात असत. शेतकरी, दुकानदार, वकील, सगळेच. गावात वजन असलेला माणूस आपसूक अधिकारी व्हायचा. त्यामुळे त्यासाठी वकिली सोडावी लागत नसे, दोन्ही एकदमच चालायचं. डोनिफन असा करता करता ब्रिगेडियर जनरल झाला.

आता गंमत बघा. १८३३ साली मॉर्मन पंथाच्या लोकांना शेजारच्या जॅक्सन काउंटीतून (काउंटी म्हणजे जिल्हा) हुसकावून लावलं, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेणाऱ्यांत हाच होता. विधानसभेत निवडून गेल्यावर त्यांच्यासाठी कॉल्डवेल ही वेगळी काउंटी करायचं विधेयकही यानेच मांडलं. आणि १८३८ साली दंगे पेटल्यावर त्याच मॉर्मनांविरुद्ध फौज घेऊन जायची पाळीही याच्यावरच आली. २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्जचा हुकूम निघाला होता: यांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर निपटून टाका.

मॉर्मनांच्या फार वेस्ट गावाबाहेर पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचे सहकारी हाती लागले. तिथे हजर असलेला सर्वात वरचा अधिकारी लुकास, तो जॅक्सन काउंटीचाच. त्याने रातोरात लष्करी न्यायालय भरवलं आणि डोनिफनला लेखी हुकूम धाडला, की सकाळी नऊ वाजता चौकात यांना गोळ्या घाला.

डोनिफनचं उत्तर थोडक्यात असं: हा थंड डोक्याने केलेला खून आहे, मी हुकूम पाळणार नाही. माझी ब्रिगेड आठ वाजता लिबर्टीकडे कूच करेल. तुम्ही यांना मारलंत तर कोर्टात तुम्हाला जबाबदार धरीन.

हे उत्तर वकील म्हणून वाचताना मला फार आवडतं. दयेची याचना नाही, भाषण नाही. कैद्यांवर लष्करी न्यायालयाचा अधिकारच चालत नाही, हा मुद्दा त्याच्या डोक्यात पक्का होता, आणि शेवटी आहे ती सरळ नोटीस! नऊचा हुकूम आणि आठचं कूच, हेही बघण्यासारखं. लुकास बिचकला. कैदी मुलकी कोर्टाकडे गेले आणि महिनोन्‌महिने लिबर्टीच्या तुरुंगात कुजले. त्यांच्या बाजूने कोर्टात उभा राहिला तोही डोनिफनच. खटला दुसऱ्या काउंटीत वर्ग होत असताना, एप्रिल १८३९ मध्ये ते वाटेतूनच निसटले. हुकूम मोडल्याबद्दल डोनिफनला मात्र कुणी जाब विचारला नाही.

संत नव्हता तो, हेही सांगून टाकतो. गुलाम बाळगून होता. हाकलल्या गेलेल्या हजारो मॉर्मनांनाही त्याला वाचवता आलं नाही. आणि स्वतःच्याच अशिलांवर चालून जाणं हा प्रकार आज कुठल्याही बार कौन्सिलपुढे टिकला नसता.

१८४६ साली मेक्सिकोशी युद्ध लागलं, तेव्हा तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. शिपायांनी मतं देऊन त्याला कर्नल केलं. मेक्सिकोच्या ताब्यातलं सांता फे शहर हाती आल्यावर मोहिमेचा प्रमुख जनरल कर्नीने त्याला काय काम दिलं असेल? नव्या मुलखासाठी कायद्याची संहिता लिहायचं! सोबतीला विलार्ड हॉल, तोही वकील आणि पलटणीत साधा शिपाई. त्या संहितेतली काही कलमं न्यू मेक्सिकोच्या कायद्यात पुढेही टिकली. मग ब्राझितो आणि साक्रामेंतो या दोन लढाया जिंकून पलटण मेक्सिकोतल्या चिवावा शहरात शिरली, तीही मागे व्यापाऱ्यांच्या ३०० हून अधिक गाड्यांचा तांडा घेऊन.

१८६१ साली अमेरिकेतली यादवी टाळण्यासाठी वॉशिंग्टनला भरलेल्या शांतता परिषदेत तो मिसूरीचा प्रतिनिधी होता. ती फसली. युद्ध सुरू झाल्यावर त्याने कुठल्याच बाजूने तलवार उचलली नाही. तोवर त्याचे दोन्ही मुलगे कोवळ्या वयात गेले होते. म्हातारपणी तो रिचमंड गावी राहिला आणि १८८७ साली तिथेच वारला. तिथल्या कोर्टासमोर त्याचा पुतळा आहे. माझा तो बघायचा राहिला, भाच्याला सुट्टी नव्हती.