आधी टर्पेंटाइन, मग ऊब

प्रश्न : भावाने परफ्यूमची बाटली भेट दिली. खोक्यावर सीडार, ऑलिबॅनम, लॅबडॅनम, बेन्झॉइन, व्हॅनिला अशी नावं आहेत. फवारल्याबरोबर चक्क टर्पेंटाइनसारखा भपकारा येतो. तासाभराने मला काहीच जाणवत नाही, पण ऑफिसातली शेजारीण म्हणते, ‘केवढा दरवळतोय!’ शिवाय आतलं द्रव्य हळूहळू तपकिरी होत चाललंय. हा माल बनावट आहे का? – एक वाचक

उत्तर : तुमचं नाक तिखट आहे, त्यावर शंका घेऊ नका. ऑलिबॅनम म्हणजे बॉसवेलिया जातीच्या झाडाला चीर दिली की पाझरून वाळणारा राळयुक्त डिंक. त्याच्या तेलात अल्फा-पायनीन नावाचं वासाचं द्रव्य पुष्कळदा भरपूर असतं, आणि टर्पेंटाइनचा मुख्य घटकही तोच. रेणू हलका, त्यामुळे सगळ्यांच्या आधी उडतो. दुकानात उभ्या उभ्या परफ्यूम फवारलेली कागदाची पट्टी हुंगून अशा परफ्यूमचा निकाल लावणारे लोक खरं तर या भपकाऱ्याचाच निकाल लावत असतात. तो ओसरू द्या. मग सीडारच्या लाकडाचा कोरडेपणा वर येतो, पेन्सिलीला नुकतं टोक काढल्यासारखा. (पेन्सिलींसाठी नावाजलेलं ‘व्हर्जिनिया सीडार’ हे झाड खरं तर सीडार नव्हे, ज्युनिपर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाच्या कुळातलं.)

खरी गंमत त्याच्याही खाली आहे. लॅबडॅनम हा भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस नावाच्या झुडपाचा चिकट स्राव. उन्हाळ्यात पानं त्याने अक्षरशः माखतात. क्रीट बेटावर पूर्वी या झुडपांत चरून आलेल्या बकऱ्यांच्या दाढीतून तो विंचरून काढत. चामड्याच्या वाद्या लावलेलं दाताळं झुडपांवरून फिरवूनही गोळा करत. वास गोडसर, पण त्या गोडव्याला चामड्याची, घामेजलेल्या जनावराची किनार असते. त्यात स्टायरॅक्स झाडाची राळ, म्हणजे बेन्झॉइन, आणि व्हॅनिला मिसळले की परफ्यूमवाले ज्याला ‘अँबर’ म्हणतात तो उबदार मेळ जमतो. व्हॅनिलाच्या वासाचा प्राण म्हणजे व्हॅनिलिन. ते 1874 मध्ये जर्मनीत टीमान आणि हार्मान या रसायनशास्त्रज्ञांनी प्रथम कृत्रिमरीत्या तयार केलं, तेही सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून. लाकडाशी त्याचं गोत्र जुळतं ते असं. मात्र व्हॅनिलाचा हात सैल सुटला की सगळं गुळमट होतं. मला स्वतःला लाकूड वरचढ आणि गोडवा मागे असलेली जोडणीच आवडते. तुमच्या बाटलीत काय आहे ते तिसऱ्या-चौथ्या तासाला मनगट हुंगून ठरवा.

राळेतले बरेच घटक जड असतात, सावकाश उडतात, म्हणून वास दिवसभर टिकतो. मग तुम्हालाच का येत नाही? कारण सतत येणाऱ्या वासाला नाक सरावतं आणि त्याची दखल घेणं सोडून देतं. मोकळ्या हवेत फेरी मारून परत या, बहुधा पुन्हा जाणवेल. ‘येतच नाही’ म्हणून वर आणखी चार फवारे मारणं हा मात्र शेजारणीवर अन्याय आहे! अशा परफ्यूमचे दोन फवारे पुरतात. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

आता रंगाबद्दल. व्हॅनिलिन असलेलं द्रव्य काळानुसार तपकिरी होतं, आणि राळा मुळातच गडद. तेव्हा केवळ रंगावरून ते बिघडलं किंवा बनावट आहे असं म्हणता येत नाही. सुरुवातीच्या भपकाऱ्यानंतरही आंबूस किंवा खवट वास राहिला, तर मात्र बाटली बाजूला ठेवा. उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, कपाटात ठेवली की पुरे. पांढऱ्या सदऱ्यावर थेट फवारू नका, डाग पडू शकतो. अंगाला लावा, वाळू द्या, मग कपडे चढवा.