भाजी ठरवू नका, कडधान्य ठरवा

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीला राहते, सकाळी सातच्या आधी घर सोडावं लागतं. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई, त्यांना शुगर आहे. रोज रात्री ओटा पुसताना डोक्यात एकच, उद्या डब्याला काय? आणि शेवटी बटाटाच. मोबाईलवर बघून आठवड्याचा हेल्दी चार्ट फ्रीजवर लावला, त्यात किन्वा, ब्रोकोली, काय काय. चौथ्या दिवशी काढून टाकला. काही सोपं आहे का?

उत्तर: काढलात ते बरंच केलंत. चार्टवाल्याला तुमची भाजीवाली थोडीच माहितीये! सोमवारी दुधी लिहिलाय म्हणून तो स्टेशनबाहेर मिळेलच असं नाही, मिळाला आणि कडू निघाला तर तो टाकूनच द्यायचा (कडू दुधी खरंच खाऊ नका, विषबाधा होते), मग डबा गेला ना!

मी काय करते सांगू, भाजी ठरवतच नाही, कडधान्य ठरवते. भाजी येताना जी ताजी आणि स्वस्त दिसेल ती. पण कडधान्य घरात डबे भरून असूनही होत नाही कारण आदल्या रात्री भिजत घालायचं राहून जातं. म्हणजे लक्षात ठेवायचं ते फक्त भिजवणं. शनिवारी झोपताना मटकी भिजवा, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत जरा जास्त वेळ लागतो, तेव्हा गाठोडं कॅसरोलमध्ये ठेवा. सोमवारचा डबा झाला. मंगळवारी रात्री चवळी, तिला मोड नकोत, बुधवारी सकाळी सरळ कुकरला. शुक्रवारी अख्खा मसूर, तो तर चहा होईपर्यंत भिजला तरी चालतो. मधल्या दोन दिवशी वरण आणि मिळेल ती पालेभाजी, आणि ती निवडायला मुलाला बसवा, नववीतला आहे, मेथी निवडून काही अभ्यास बुडत नाही.

आता किती घ्यायचं, तर आपण चौघांत वाटीभर मटकी भिजवतो आणि उसळ केली म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यात दोन हजार कॅलरीच्या हिशोबाने माणशी दिवसाला 85 ग्रॅम डाळ-कडधान्य धरलंय, तेही कच्चं वजन. चौघांचे 340 ग्रॅम झाले! मी वजनकाट्यावर टाकून बघितलं तेव्हा माझीच मला लाज वाटली. एका उसळीत ते बसत नाही, रात्रीचं वरण, सकाळचं मुगाचं धिरडं असं मिळून होतं. भाज्या तर 400 ग्रॅम म्हणतात.

त्या भाज्या कुठून आणायच्या? ताटाच्या डाव्या बाजूने. आपल्या ताटात डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर असायची, डबा आला आणि ती बाजूच गेली, उरली पोळी-भाजी. एक छोटी डबी वाढवा, त्यात काकडी, गाजर, मुळा, जे असेल ते चिरून, आणि लिंबाची फोड. लिंबू नुसतं चवीला नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवण झाल्या झाल्या ऑफिसात चहा घेता ना? तो लोह शोषू देत नाही, तासभर थांबा.

सासूबाईंचं वेगळं शिजवू नका, तेच वाढा, फक्त भात कमी आणि उसळ-कोशिंबीर जास्त. ज्वारीची भाकरी शुगरला चालते म्हणून तीन-तीन वाढू नका, तीही पिष्टच आहे. किती वाढायची ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

बटाट्याचा राग नको. चवळीत टाका.

प्रश्न: मी पुण्यात रूमवर राहतो, एक इंडक्शन, एक कुकर. मेस नको झालीये. हेल्दी काय करू?

उत्तर: मूगडाळीची खिचडी कर, पण तांदळाइतकीच डाळ घे आणि वरून मूठभर शेंगदाणे आणि पालक चिरून, धुवून मग चिर. कुकर धुवायचा कंटाळा येईल त्या दिवशी दोन अंडी उकड. आणि घरी गेलास की आईकडून थालीपिठाची भाजणी आण, फरसाण नको.