बदली नसलेला न्यायाधीश

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतला फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीशच का, आणि त्याची कारकीर्द कशी असते. मी २६ वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करतोय. हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडलेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाव सारखं आहे, पद वेगळं आहे. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल नेमणूक करतात आणि साठीला निवृत्ती येते. तिकडे राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देतं आणि मग ते पद तहहयात. पगार कमी करता येत नाही आणि काढायचं तर महाभियोगच चालवावा लागतो. देशभरात ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं आहेत. साक्षी-पुरावे, ज्यूरी, शिक्षा हे सगळं तिथेच होतं.

पण मला सगळ्यात मोठा फरक वाटतो तो बदलीचा. आमच्याकडे जजसाहेब येतात ते परगावचेच. आल्या दिवसापासून गावाशी अंतर ठेवतात. मुलगा दहावी झाला म्हणून एका ज्युनिअरने नेलेला पेढ्यांचा पुडा एका साहेबांनी दारातूनच, पण अगदी प्रेमाने परत केलेला मी पाहिलाय. तीन वर्षं झाली की क्वार्टरसमोर ट्रक उभा राहतो, सामान भरलं जातं. अमेरिकेत तो ट्रक येतच नाही. ज्या गावाविरुद्ध निकाल द्यायचा, त्याच गावात दुसऱ्या दिवशी सकाळी दूध-ब्रेड आणायला जायचं.

याचा अर्थ काय होतो, ते फ्रँक जॉन्सन यांच्याकडे पाहून कळतं. जन्म १९१८ चा, अलाबामा राज्याच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीतला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झाले, मग वकिली, मग सरकारी वकील. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाची राजधानी माँटगोमेरीत डिस्ट्रिक्ट जज नेमलं. रुजू झाले तेव्हा वय ३७. काही आठवड्यांतच त्याच शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली आणि बसवरचा बहिष्कार सुरू झाला.

बसमधल्या वर्णभेदाचा दावा १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांपुढे आला. साक्ष द्यायला आलेल्यांत क्लॉडेट कोल्व्हिन होती. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, तिने तेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती. सुनावणी संपल्यावर तिघे आत बसले. रिवाज असा की सगळ्यात नव्या न्यायाधीशाने आधी मत द्यायचं. म्हणजे जॉन्सन यांनी. वरिष्ठ काय म्हणतात याचा अंदाज घ्यायची सोय नाही! त्यांनी सरळ सांगितलं की हा भेद घटनेविरुद्ध आहे. रिचर्ड राइव्हज त्यांच्या बाजूने, तिसरे विरोधात. दोन विरुद्ध एक. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. पण माँटगोमेरीत काय झालं? जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस पेटवला गेला, ही तिकडच्या वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण. राइव्हज यांच्या मुलाच्या थडग्याची विटंबना झाली. १९६७ मध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला. ती वाचली. जॉन्सन त्याच शहरात राहिले आणि दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या दाव्यांची यादी, चालवत राहिले. कोर्टात ते हातोडा वापरत नसत, काळा झगाही बहुधा घालत नसत. गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे त्यांचे लॉ कॉलेजचे सोबती. पुढे त्यांनी जॉन्सन यांना जाहीर सभांमधून खोटारडा म्हणायला सुरुवात केली.

कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा गावातून माँटगोमेरीला निघालेल्या १९६५ च्या मोर्चाबद्दल लोक अर्धंच सांगतात. सेल्माच्या पुलावर पोलिसांनी मोर्चावर केलेल्या लाठीमारानंतर जॉन्सन यांनी आधी मोर्चा थांबवला, कारण पुरावा ऐकल्याशिवाय ते हुकूम देणार नव्हते. साक्षी झाल्या आणि १७ मार्चला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा निषेधाचा हक्क मोठा, असं त्यांनी त्या निकालात लिहिलं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. रस्ता जिथे दोनच पदरी आहे, तिथे एका वेळी ३०० पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत, हेही त्याच हुकमात आहे. खालच्या कोर्टात काम केलेला माणूस या ३०० वर थबकतो. तत्त्व सगळेच सांगतात, पण बजावणी होईल असा हुकूम लिहिणं, हे खरं ट्रायल जजचं काम.

त्यांचा मला सगळ्यात मोठा वाटणारा निकाल मात्र मोर्चाचा नाही, मनोरुग्णालयाचा आहे. अलाबामातल्या ब्राइस रुग्णालयात सुमारे ५,००० रुग्ण होते. सिगारेटच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून ९९ कर्मचारी काढले आणि त्यावरून १९७० मध्ये दावा दाखल झाला. वादी होता रिकी वायट, पंधरा वर्षांचा. जॉन्सन म्हणाले की उपचारासाठी म्हणून माणसाला कोंडलंय, तर उपचार मिळणं हा त्याचा हक्क आहे. सरकारने पुरेसं काही केलं नाही, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच मानकं ठरवून दिली: एका खोलीत जास्तीत जास्त सहा रुग्ण, आठ जणांमागे एक संडास, पंधरा जणांमागे एक न्हाणी. न्यायाधीशाने संडास मोजायचे का, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. माझं मत विचाराल तर ज्या ठिकाणी ते कुणीच मोजत नव्हतं, तिथे कोर्टाने मोजलेच पाहिजेत.

१९७५ मध्ये त्यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्यावर मी काही लिहू शकत नाही. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे संचालक करायचं ठरवलं होतं, पण प्रकृतीमुळे ते राहिलं. १९७९ मध्ये ते अपिली कोर्टावर गेले, म्हणजे खालच्या कोर्टात सलग २४ वर्षं आणि तीही एकाच शहरात. १९९९ मध्ये ते वारले. रिकी वायटचा दावा तेव्हाही बोर्डावर होता. तो निकाली निघाला २००३ मध्ये.