तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: आलं आधी की दूध आधी?

आल्याचा चहा अधूनमधून नासतो. सासूबाई म्हणतात दूधच शिळं असणार, पण त्याच दुधाची कॉफी छान होते. मग गडबड कुठेय? (वाचक, सातारा)

दूध बिचारं निर्दोष आहे हो. कच्च्या आल्यात एक एन्झाइम असतं आणि ते दुधातल्या प्रोटीनवर तुटून पडतं, दूध कोमट ते गरम होत असतं ना, साधारण 60-65 डिग्रीला, तेव्हा त्याचा जोर जास्त असतो. चीनमध्ये ग्वांगडोंगकडे लोक हे मुद्दाम करतात, गरम दूध आल्याच्या रसावर ओततात, ते दह्यासारखं लागतं आणि चमच्याने खातात. आपल्याला तो प्रकार पातेल्यात नकोय, म्हणून क्रम बदला. आधण ठेवतानाच ठेचलेलं आलं पाण्यात टाका, दोनतीन मिनिटं खळखळ उकळू द्या, उकळीत ते एन्झाइम मरतं, मग दूध कधीही घाला. दूध-पाणी एकत्र ठेवून वरून आलं किसणाऱ्यांचाच चहा जास्त नासतो. गवती चहा असेल तर तोही आल्याबरोबरच पाण्यात, वेलदोडा मात्र अगदी शेवटी कुटून, नाहीतर वास सगळा वाफेबरोबर किचनभर आणि कपात काहीच नाही.

आणि पावडर टाकल्यावर दहादहा मिनिटं उकळत ठेवू नका प्लीज. आपण घरी आणतो ती दाणेदार सीटीसी पावडर, ती बनवतानाच पानं चिरडून, फाडून, वळवून केलेली असते, त्यामुळे रंग नि कडकपणा पटकन उतरतो. दोन कपांना एक कप पाणी, एक कप दूध, दोन छोटे चमचे पावडर, पावडर पडल्यावर मिनिट-दीड मिनिट, मग दूध घालून एक-दोन उकळ्या. बास. कडक हवा तर पावडर वाढवा, वेळ नको, जास्त उकळला की कडक नाही तुरट होतो.

गुळाचा चहा फाटतो. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलंय म्हणून गूळ सुरू केलाय. (वाचक, बार्शी)

गूळ किंचित आंबट असतो, जिभेला कळत नाही पण उकळत्या दुधाला बरोब्बर कळतं. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग किसलेला गूळ घालून ढवळा आणि परत गॅसवर ठेवू नका. किंवा कपात गूळ घालून त्यावर चहा गाळा, हे तर अजून सोपं. बाकी डायबेटिससाठी गुळाला बदललं असेल तर त्याचा उपयोग नाही, गुळानेही शुगर वाढतेच, डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा.

भाचीने दार्जिलिंगचा महागडा चहा आणला. नेहमीसारखा दूध घालून उकळला तर एकदम पाणचट. फसवलं का तिला? (वाचक, डोंबिवली)

अहो नाही! त्याला उकळायचंच नसतं. दार्जिलिंग म्हणजे बहुतेक वळलेल्या अख्ख्या पानांचा चहा, भारतात जीआय टॅग, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, सगळ्यात आधी मिळाला तो यालाच, 2004 मध्ये. पाणी उकळून गॅस बंद करा, अर्धा-एक मिनिट थांबा, एका कपाला एक चमचा पानं टाकून झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. दूध नाही, आलं नाही, साखरही आधी न घालताच प्या. पाकिटावर फर्स्ट फ्लश लिहिलं असेल तर तो मार्च-एप्रिलच्या तोडणीचा, रंग फिकाच येणार, घाबरू नका. आणि खरं सांगू, चारच्या कडक चहाची तहान याने भागत नाही, म्हणून नेहमीची पावडर बंद करू नका, हा सावकाश एकटं बसून प्यायला ठेवा. डबा मात्र घट्ट झाकणाचा आणि मसाल्यांपासून लांब, चहा आजूबाजूचा वास लगेच ओढतो.

बोअरच्या पाण्याचा चहा काळपट दिसतो आणि वर तवंग येतो. (वाचक, लातूर)

पाणी जड आहे, त्यातल्या कॅल्शियमचा आणि चहातल्या घटकांचा मिळून तो थर होतो. बिनदुधाच्या चहावर जास्त दिसतो. फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर पाणी आधी उकळून निवू द्या, खाली पांढरट साका बसला की वरचं पाणी वापरा.

जेवल्यावर लगेच चहा लागतो, चालेल ना? (वाचक, नाशिक)

हिमोग्लोबिन कमी असेल तर नको. चहातली टॅनिन्स भाजी-डाळीतलं लोह अंगाला लागू देत नाहीत, निदान तासभर थांबा. हिमोग्लोबिन व्यवस्थित असेल तर कधीतरी चालतं, पण रोजची सवय नको, विशेषतः घरातल्या पोरीबाळींना.

चोथा गुलाबाला घातला तर मुंग्याच मुंग्या! (वाचक, पुणे)

धुऊन घाला की. साखर-दूध निघून जाईपर्यंत दोनदा पाण्यातून काढायचा, उन्हात वाळवायचा आणि मग मूठभरच मातीत मिसळायचा.