तास मोजू नका, काम नेमकं सांगा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका विनाअनुदानित शाळेत तुमचा मुलगा शिकतो, पटावर पन्नासेक मुलं आहेत. यंदा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसाठी चिठ्ठ्या टाकल्या त्यात तुमचं नाव निघालं. शाळेच्या प्रत्येक कामाला तेच चार-पाच पालक राबतात, म्हणून आता ठराव येतोय की प्रत्येक घराने महिन्याला चार तास द्यायचे, नाही जमलं तर तासाप्रमाणे पैसे भरायचे. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर लोकांना शाळेत आणायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी गुहागरकडच्या अशाच एका छोट्या शाळेत बालवाडीपासून दहावीपर्यंत शिकली. ती बाहेर पडली तरी मी तिथल्या कामात अजून आहे, त्या अनुभवावरून सांगते.

ठरावाला विरोध करा. कायद्याचं आधी उरकून टाकते. शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ती विनाअनुदानित खासगी शाळेला लागू नाही. तुम्हाला लागू आहे तो राज्याचा शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा. त्यानुसार शाळेतला प्रत्येक पालक संघाचा सदस्य असतो आणि व्यवस्थापनाने सुचवलेली फी कार्यकारी समितीपुढे मंजुरीला यावी लागते. म्हणजे फीवर लक्ष ठेवायला जी समिती बसवली, तीच तासांच्या नावाखाली नवी फी लावणार. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवरची मुलं तुमच्याकडे असतील तर त्यांचं शिक्षण मोफत आहे, त्यांच्या घरी असलं बिल पाठवताच येणार नाही.

पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पैसे भरेल आणि शाळेकडे फिरकणार नाही. जी बाई आंब्याच्या बागेत रोजंदारीवर जाते, तिला चार तास म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. ती पैसेही भरू शकत नाही आणि कामही बुडवू शकत नाही. वर्गात मुलं किती, आठ-दहा. कोणाची आई येते, कोणाची येत नाही, कोणाचे पैसे थकलेत, हे तिसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. आईबाप आले नाहीत याची झळ मुलाला लागता कामा नये. बाकी कशावरही मी तडजोड करेन, यावर करणार नाही.

आता लोक का येत नाहीत ते बघू. 'पालकांनी सहकार्य करावे' अशी सूचना ग्रुपवर पडली की ती कोणालाच उद्देशून नसते. त्याऐवजी लिहा: 'शनिवारी सकाळी ९ ते ११, पाण्याची टाकी धुवायची आहे, तीन माणसं हवीत, येताना खराटा आणा.' एवढं वाचल्यावर माणसाला कळतं की हे आपल्याला जमेल आणि अकरा वाजता आपण मोकळे होऊ. त्यातही ग्रुपवर टाकून थांबू नका, तिघांना नाव घेऊन विचारा. आपल्याकडे गावकीचं काम असंच चालतं. पाखाडी, म्हणजे वाडीतली दगडी पायवाट, साफ करायची असेल तर वाडीतलं कोणीतरी दारात येऊन 'उद्या सकाळी ये रे' असं सांगतं, तेव्हा माणूस जातो.

दुसरं आणि मोठं कारण म्हणजे हंगाम. महिन्याला चार तास हा हिशेब बारा महिने नोकरी करणाऱ्याचा आहे. कोकणातलं वर्ष तसं समान कधीच नसतं. जून-जुलैत लावणी लागली की शेतकऱ्याच्या घरातलं कोणी तुम्हाला दिसणार नाही, आणि तुम्ही बोलावूही नका. त्याच वेळी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि बरेच खलाशी आणि तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, घरी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. वर्गात येऊन मुलांना गाठी मारायला शिकवायची, जाळ्याचे आस (भोकं) मोजत गणित करायचं, तर हीच वेळ. आमच्याकडे एका तांडेलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी चौथी नापास, शाळेत येऊन काय करू?" नंतर त्याने मुलांना भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून कशी काढायची ते सांगितलं. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर मुलं भूगोलाच्या तासाला बाईंना प्रश्न विचारायला लागली. त्याची बायको त्या दिवशी मागे उभी राहून सगळं ऐकत होती. पुढच्या खेपेला ती आपण होऊन आली.

गणपतीत शाळेचं कुठलंही काम ठेवू नका. पण एक गोष्ट जरूर करा. तुमच्या मुलांपैकी काहींचे वडील मुंबईला असतील आणि मूल इथे आई किंवा आजीजवळ राहत असेल. हे चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला हमखास घरी येतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर फक्त त्यांच्यासाठी शाळा उघडा. बाईंनी प्रत्येकाला त्याच्या मुलाची वही दाखवावी. भाषण नको, वर्गणीही मागू नका. वर्षभर फोनवरून फक्त 'अभ्यास कर' म्हणणारा बाप मुलाचं अक्षर बघून किती बोलायला लागतो ते मी पाहिलंय.

कापणी-झोडणी आटपली की दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचा काळ हाच खरा तुमचा. स्नेहसंमेलन, सहल, गडगा (दगडांचं कुंपण) रचणं, भाजीचे वाफे, जे काही माणसांच्या बळावर करायचंय ते यात बसवा. पुढे आंबा सुरू झाला की पुन्हा माणूस मिळत नाही. फक्त कौलं परतण्याचं काम मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी करावंच लागतं. ते पालकांच्या गळ्यात घालू नका. कौलांवर चढणं जोखमीचं असतं, त्यासाठी सवयीचा माणूस मजुरी देऊन लावा. पालकांनी खालून कौलं हातोहात द्यावीत आणि पन्हळी साफ कराव्यात.

आजी-आजोबांना आपण मोजतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बऱ्याच घरांत मुलाला शाळेत सोडणारं माणूस तेच असतं. त्यांना आठवड्यातून एकदा तासभर बसवा आणि एकेका मुलाला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू द्या. आजीला स्वतःला वाचता आलं नाही तरी चालतं. गोष्ट कळली नाही की ती 'म्हणजे रे काय?' असं विचारते, आणि मुलाला सांगण्यासाठी ते वाक्य पुन्हा नीट वाचावं लागतं. वाचता येणाऱ्या पालकांना मात्र आधी बजावा: मूल अडखळलं की लगेच शब्द पुरवायचा नाही, थोडं थांबायचं.

तुमच्या शाळेतल्या एका बाईंना पालक वर्गात आलेले आवडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी त्यांच्या बाजूने आहे. वर्ग बाईंचा असतो. कुठल्या दिवशी, कोणत्या कामाला कोण येणार हे त्यांनी ठरवावं, आणि नको म्हणाल्या तर नको. पालकाला शिक्षकाच्या रजेच्या जागी उभं करणं तर अजिबात नको. त्यातून शाळेला फुकट माणूस वापरायची सवय लागते आणि शिक्षकांचा पगार वाढवण्याचा विषय मागे पडतो. वर्गात येणाऱ्या पालकांसाठी आम्ही दोन नियम केलेत. दुसऱ्याच्या मुलाबद्दल जे दिसलं ते नाक्यावर बोलायचं नाही. आणि कोणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबणार नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. दुसऱ्या नियमावर कोणी रागावलं तरी रागावू द्या. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, प्रत्येकावर बंधनकारक आहे, हेही पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

एक गोष्ट मला सलते, म्हणून लिहिते. बहुतेक शाळांत बायकांकडे पोहे आणि चहा जातो, पुरुषांकडे माइक आणि हिशेब. तुम्ही समितीत आहात तर हे मोडा. हिशेब एखाद्या बचत गट चालवणाऱ्या बाईकडे द्या. तिला तो बहुतेकांपेक्षा चांगला येतो. आणि हिशेबाचा कागद दर तीन महिन्यांनी फळ्यावर लावा, त्याने जेवढा विश्वास बसतो तेवढा कुठल्याही भाषणाने बसत नाही.

हे सगळं जुळायला वेळ लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरं गेली. टाळेबंदीमुळे शाळा तेव्हा बंदच होत्या. माझ्या ओळखीच्या तिथल्या एका शाळेचे पत्रे उडाले, तर ज्यांची स्वतःची पोफळीची बाग आडवी झाली होती असे पालकही शाळेची पुस्तकं सुक्या जागी हलवायला आले. त्यांना कोणी तास लावून दिले नव्हते. आधीची काही वर्षं शाळेने त्यांना दारात जाऊन बोलावलं होतं आणि त्यांच्या वेळेने बोलावलं होतं.

तेव्हा येत्या बैठकीत ठराव फेटाळून नुसत्या थांबू नका, सोबत पर्याय न्या. एका कागदावर बारा महिने लिहा, प्रत्येक महिन्यासमोर त्या वेळी कोणत्या घरांना सवड असते ते लिहा, आणि शाळेची दोन-तीनच कामं त्यात बसवा. जे राबतात त्या चार-पाच जणांनाही मध्ये एक सत्र सुट्टी द्या, नाहीतर ते थकून कायमचे जातील. कोण आलं याची नोंद ठेवा, कोण आलं नाही याची यादी मात्र कुठेही करू नका. आणि बैठकीची वेळ ठरवण्याआधी लांबच्या वाड्यांतल्या पालकांना शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून घ्या.