बाबा मुद्दाम करत नाहीयेत

ताई, तुम्ही लिहिलंय की स्ट्रोकनंतर बाबांचा डावा हातपाय गेलाय, बोलणं एकदम क्लिअर आहे, पण ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हटलं की खिडकीकडे बघतात आणि आईचा टोमणा त्यांना कौतुक वाटतो, तर हे मुद्दाम करतात का? नाही हो. मी स्पीच थेरपिस्ट आहे, असे पेशंट नेहमी येतात आणि घरचे असेच वैतागलेले असतात.

डावी बाजू गेली म्हणजे मार उजव्या मेंदूला. शब्द, व्याकरण बहुतेकांचं डाव्या मेंदूत, ते वाचलं, म्हणून डिस्चार्जवर ‘स्पीच नॉर्मल’ लिहून मोकळे होतात (याचा मला फार राग येतो, असो). पण समोरच्याचा सूर, चेहरा, प्रसंग जुळवून याला नक्की काय म्हणायचंय हे ओळखायला उजवी बाजू बरीच लागते.

१९७७ साली एलेन विनर आणि हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत मेंदूला मार लागलेल्या पेशंटना ‘जड अंतःकरण’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य ऐकवून चित्र निवडायला सांगितलं. एकात माणूस रडतोय, दुसऱ्यात भलंमोठं लाल हृदय उचलून लडखडत चाललाय. उजव्या मेंदूला मार लागलेले बऱ्याचदा हृदयवालं चित्र दाखवायचे आणि त्यात त्यांना हसण्यासारखंही काही वाटायचं नाही, पण तोंडी अर्थ विचारला की बरोब्बर सांगायचे! उलट डाव्या मेंदूला मार लागलेले, ज्यांना धड बोलताही यायचं नाही, ते रडणाऱ्यावर बोट ठेवायचे आणि हृदयवाल्याला हसायचे. म्हणून घरी ‘या म्हणीचा अर्थ सांगा’ अशी परीक्षा घेऊ नका, त्यात बाबा पास होतील आणि तुमचा संशय अजून वाढेल.

अर्थात डावीकडे व्याकरण नि उजवीकडे म्हणी अशी सरळ वाटणी नाही, वाक्प्रचारात डावा मार लागलेलेही अडखळतात हे नंतर दिसलंय.

सध्या सरळ बोला. ‘गार लागतंय नाही?’ म्हणून वाट बघत बसू नका, ‘पंखा बंद करा’ म्हणा. गंमत केली तर गंमत केली असं सांगा. वाद घालू नका, बऱ्याच जणांना आपलं काही चुकतंय हेच जाणवत नाही. डावीकडे लक्षच न गेल्यामुळे ताटातलं डावीकडचं तसंच राहतं का तेही बघा, राहत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि थेरपिस्टकडे नेलंत की नुसतं ‘बोलणं तपासा’ म्हणू नका, गप्पा, विनोद, टोमणे कळतात का ते तपासा असं स्पष्ट सांगा. आईंना मात्र कल्पना देऊन ठेवा, त्यांचे टोमणे सध्या सगळे वाया जाणार आहेत.